धूर दाखवायचे दिवस

माझी नात परवा परीक्षेसाठी इतिहासाचं उत्तर पाठ करत होती. येरझाऱ्या घालत, डोळे मिटून, एकाच सुरात. एकोणिसाव्या शतकात शहरांची लोकसंख्या झपाट्यानं का वाढली. कारखाने निघाले, शेतात यंत्रं आली आणि माणसाला काम उरलं नाही, आगगाडी धावू लागली, म्हणून खेड्यातली माणसं शहराकडं आली. मी गवार निवडत बसले होते. तिनं ते इतक्यांदा म्हटलं की मलाही पाठ झालं. पुस्तकातलं ते विलायतेतलं, आणि माझ्या पणजीच्याही आधीचं. पण त्यातलं एकेक कारण मी चेहऱ्यानं ओळखते. ती सगळी कारणं आमच्या खोलीत येऊन, पाय धुऊन, माझ्या हातची भाकरी खाऊन गेलेली आहेत. त्या उत्तरात भीती मात्र कुठं नव्हती. गाव सोडताना माणूस भ्यालेला असतो, आणि शहरात टिकतो तोही भीतभीतच. हे मी नातीला सांगितलं, तर ती म्हणाली, "आजी, ते पॉइंटमध्ये नाहीये." म्हणून इथं लिहून ठेवते.

मला शहरात आणलं ते भाकरीसाठी. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, चिकलठाण्याच्या अंगाला एका कारखान्यात लागला होता. आमचं गाव हिंगोलीच्याही पलीकडं. एवढ्या लांब जाऊन पगाराचं काम मिळवणारा आमच्या आळीतला तो पहिलाच, त्यामुळं त्याचं सगळ्यांना कौतुक. पण खानावळीचं खाऊन त्याचं पोट कायमचं बिघडलं. दिवाळीला आला तेव्हा गालफडं बसलेली, सदरा खांद्यावरून घसरत होता. माय त्याच्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "पोराच्या हाताला काम हाय, पण पोटाला कुणी नाय." तेव्हाची रीतच होती. मुलगा शहरात लागला आणि लग्न व्हायचं असलं, तर एखादी बहीण नाहीतर विधवा आत्या त्याच्यामागं भाकऱ्या थापायला धाडायची. माझी सातवी नुकतीच झाली होती. आठवीची शाळा दुसऱ्या गावाला, आणि मधी ओढा. त्यामुळं माझ्या शाळेवर कुणी फार वेळ बोललं नाही. मी रडलेही नाही. भीतीच इतकी होती की रडायला जागा उरली नव्हती.

एसटीत बसवताना मायनं माझ्या पदरात येसराच्या मसाल्याची पुरचुंडी बांधली आणि दोन गोष्टी सांगितल्या. "चूल विझू देऊ नको. राखेत विस्तव दाबून ठेवायचा, सकाळी फुकला की झालं. आन दारात कुणी विस्तव मागाया आलं तर नाय म्हणू नको. परमुलखात बाईला एवढं जमलं तरी लई झालं." या दोन गोष्टी एक दिवस एकमेकींच्या आड येतील असं तिला वाटलं नसणार. आमच्या गावात तशी वेळ कधी आलीच नव्हती.

गारखेड्याच्या शिवारात, आज ज्याला पुंडलिकनगर म्हणतात त्याच्या आसपास, दादानं खोली बांधली होती. आता तिथं तीन-तीन मजली घरं आहेत, गाडी लावायला जागा मिळत नाही. तेव्हा आमच्या मागच्या भिंतीला लागून ज्वारी उभी असायची आणि दिवस कलला की कोल्ही ओरडायची. शेतकऱ्यानं गुंठ्यागुंठ्यानं रान विकलेलं, घेणाऱ्यांनी विटा मातीत रचून भिंती उभ्या केलेल्या, वर पत्रे, पत्र्यावर दगड. नळ नाही, रस्ता नाही, परवानगी तर कुणाकडंच नाही. वारा सुटला की पत्रे असे वाजायचे की जणू कुणी वरून चालतंय. सकाळी लांबून कारखान्याचा भोंगा यायचा, आणि भोंग्यापाठोपाठ आमच्या गल्लीतले सगळे बाप्ये सायकली काढून निघून जायचे. मग दिवसभर उरायच्या त्या बाया, आणि मी.

मला सगळ्याचीच भीती वाटायची. विहिरीवर जायची, कारण तिला कठडा नव्हता. दादा यायला उशीर झाला की मशीनवर त्याचा हात सापडला असंच मनात यायचं. शेजारच्या बिस्मिल्लाखालाची सुद्धा सुरुवातीला भीती वाटायची, कारण तिचं निम्मं बोलणं मला कळायचं नाही. ती मिस्त्रीची बायको. आमच्या गल्लीतल्या बहुतेक भिंती तिच्या नवऱ्यानंच रचलेल्या. पहिल्या दिवशी मी दाराआडून बघत होते तर ती आत आली, माझी हनुवटी धरून म्हणाली, "कायकू डरती गे? मैं क्या खाती तेरेकू?" आणि वाटीभर गूळ ठेवून गेली.

दुसरी गिरजाकाकू. ही कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीची. घरची जमीन चार भावांत वाटता वाटता औत वळवायला जागा उरली नाही, तेव्हा नवऱ्याला घेऊन आली. नवरा, अंबादासकाका, मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती उचलायचा आणि घरात तोंड उघडायचा नाही. त्याच्या वाटचंही काकूच बोलायची. माझी पहिली भाकरी तिनं उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाली, "भाकर हाय का हिंगोलीचा नकाशा?" मग पदर खोचून शेजारी बसली आणि काठ कसा फिरवायचा ते दाखवलं. दादाचं पोट सुधारलं त्यात माझा वाटा निम्मा, निम्मा तिचा.

भाकरी दोघांपुरती कधी राहिलीच नाही. दादाला काम आहे हे गावात कळलं होतं, आणि गावाकडून गठुडं घेऊन निघालेला प्रत्येक जण आमच्याच दारात उतरायचा. एकाची सगळी हयात मोटेवर गेली होती. विहिरीवर विजेचा पंप बसला आणि मालकानं त्याला आणि बैलांना एकाच दिवशी मोकळं केलं. एक सुतार आला. लोखंडी नांगर आले तशी त्याच्या दारात लाकडं पडून कुजली. कुणी पोराच्या दवाखान्यासाठी आलं, पोरगं वाचलं, मग शेजारच्या बाईनं धुणीभांडी मिळवून दिली आणि ते राहिलंच. येताना सगळे काहीतरी आणायचे, जवसाची चटणी, अंबाडीची वाळली पालेभाजी, ज्वारीचं पीठ. काम लागेपर्यंत आमच्यात झोपायचे, काम लागलं की गल्लीतच कुठंतरी चार विटा रचायचे. माझा मावसभाऊ आणि गावचीच तीन पोरं अशीच आमच्याकडून उठून समोर स्वतःच्या खोलीत गेली होती. चौघंही बिनलग्नाचे, चौघंही पाळीला. शहर वाढतं म्हणजे काय होतं, तर मला पीठ जास्त मळावं लागतं, एवढंच तेव्हा मला कळायचं.

आणि मग ट्रकची भीती. ती सगळ्यांचीच होती. बेकायदा घरं मोडायला एक ट्रक फिरायचा. त्यात पहारी-कुदळी घेतलेले मजूर असायचे आणि पुढं ड्रायव्हरशेजारी साहेब. कोणत्या हापिसाचा ट्रक ते आम्हाला कधी नीट कळलं नाही. पण गल्लीत एक समजूत पक्की होती. ज्या घरात चूल पेटलेली आहे आणि चुलीपुढं बाई आहे, त्या घरावर कुदळ घालत नाहीत. रिकामं दिसलं की पाडतात. असा काही कायदा नव्हता, हे मला फार पुढं समजलं. पण पेटत्या चुलीवर हत्यार घालायला मोडणाऱ्याचाही हात धजत नाही, हे खरं होतं, आणि आमची सगळी वस्ती तेवढ्यावरच उभी होती. त्यामुळं ट्रक दिसला की बाया चुली पेटवायच्या. ज्या खोल्यांत नुसते बाप्ये राहायचे, त्या खोल्यांत शेजारणी जाऊन चूल पेटवून त्या घरच्या होऊन बसायच्या. याला आमच्यात धूर दाखवणं म्हणायचे.

तो दिवस भादव्यातला. तीन-चार दिवस झड लागलेली होती. गोवऱ्या ओल्या, तुराट्या ओल्या, काडेपेट्या सादळलेल्या. काडी ओढली की गूळ निघावा तसा गुलाचा लगदा निघायचा. मी चुलीत विस्तव जपून ठेवला होता, आणि त्याचा मला जरा अभिमानही होता. दादा पहिल्या पाळीला गेलेला. अंबाडीची भाजी शिजत घातली होती. तेवढ्यात मुख्य रस्त्याकडून कुणीतरी पोरगं ओरडत आलं की ट्रक वळला.

गिरजाकाकू दारात आली, डोक्यावर पोतं पांघरलेलं. "तुझ्या गावच्या पोरांची खोली उघडी हाय," ती म्हणाली. "कुणाला तरी बसाया पायजे."

मी म्हटलं, "मी जाऊ?"

"तू? तरणीताठी पोर, चार बाप्यांच्या खोलीत चूल पेटवून बसती? उद्या गावात काय सांगतील तुझ्या मायला? मी जाते. मी त्यांची माय शोभते." मग तिनं खापर पुढं केलं. "विस्तव दे. त्यांच्या चुलीत नुसती राख असंल."

"आन तुमचं घर काकू?"

"माझ्या चुलीत दोन गोवऱ्या सरकवून आले. धूर निघतोय. तेवढ्यात होतंय."

मी तिला निखारे काढून दिले. ती पावसात पळाली. तिच्या मागोमाग खाला आली. "सुमन, थोडी आग दे गे. मेरा चूला पूरा गीला हो गया." तिलाही दिले. मग पलीकडच्या घरची बाई आली, कडेवर लेकरू, हातात तवा. मायचं बोलणं कानात होतं, विस्तव मागितला तर नाही म्हणू नको. मी तिलाही दिले. आणि वळून बघते तर चुलीत राखेखाली एकच निखारा, नखाएवढा, आणि माझ्या घाईच्या फुंकरीनं तोही राखेत बसला. मी फुंकणी घेऊन फुकत राहिले. डोळ्यांत राख गेली. चूल काळी.

काडी ओढली, सादळलेली. दुसरी, तिसरी, तसलीच. खालाकडं पळावं तर ट्रक गल्लीच्या तोंडाशी आलेला. बाहेर मजुरांचे आवाज, पहारी खाली टाकल्याचा आवाज. आमची खोली पहिलीच. मी भाजीची तवली चुलीवर नीट ठेवली, चुलीला पाठ लावून बसले आणि मनात एकच आलं, दादाला काय सांगू. कारखान्यातून दमून येईल, आणि घराच्या जागी चिखल असेल. मायनं सांगितलेली दोनच कामं, आणि त्यातलं पहिलं माझ्याच्यानं झालं नाही.

एक मजूर वाकून आत आला. साहेब बाहेर छत्री धरून उभा. "चूल बघ रे," तो म्हणाला.

मजूर उकिडवा बसला. अंगावर गोणपाट, मिशीतून पाणी गळत होतं. त्यानं मला बाजूला व्हायची खूण केली आणि तळहात अजून कोमट असलेल्या राखेवर धरला. मी त्याच्या हाताकडं बघत होते.

"घरात कोन कोन?" त्यानं हळू विचारलं.

"दादा. पाळीला गेलाय."

"आन माय?"

"गावाकडं."

"कोन्तं गाव?"

मी सांगितलं. त्यानं डोक्यावरचं फडकं सोडलं, त्याच्या घडीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली काडेपेटी होती. ती त्यानं मांडीवर ठेवली. आमच्या कोपऱ्यातल्या केरसुणीचे मूठभर हीर त्यानं उपसले, वाळलेले, खळखळीत. आमच्यात केरसुणी लक्ष्मी, तिचा हीर कुणी चुलीत घालत नाही. त्यानं ते चुलीत कोंबले, काडी ओढून बिडी पेटवली आणि जळती काडी विझवायच्या ऐवजी त्यांच्याखाली सरकवली.

"किती येळ रे?" साहेब बाहेरून.

"पेटती हाय साहेब. सैपाक चाललाय." आणि उठता उठता, तोंड माझ्याकडं न करता म्हणाला, "आमची बी अशीच खोली हाय, शहराच्या त्या टोकाला. इस्तू समदा वाटू नये, पोरी."

तो बाहेर गेला. मी ओल्या तुराट्यांचं टोक त्या जाळावर धरलं, आणि धूर पत्र्याखाली भरला, आणि मग मला रडू आलं. धुरामुळं ते कुणाला दिसलं नसतं.

पण ते तिथंच संपलं नाही. मी दारात येऊन उभी राहिले. खालाच्या दारातून धूर, पलीकडून धूर. समोर पोरांच्या खोलीत गिरजाकाकू पळी हातात घेऊन चुलीपुढं बसलेली, अगदी त्या घरची. आणि तिच्या स्वतःच्या घरावर, दोन दारं सोडून, काहीच नव्हतं. तिच्या ओल्या गोवऱ्या धुमसून विझल्या होत्या. दाराला बाहेरून कडी.

साहेब तिथं थांबला. आजूबाजूला पाहिलं आणि समोरच्या काकूलाच विचारलं, "बाई, हे कुणाचं घर?"

काकू उठून दारात आली. मला ती दिसत होती. माझं म्हणाली असती, तर ज्या दारात ती उभी होती ते घर रिकामं ठरलं असतं. चार पोरांची खोली गेली असती, आणि तिचं खोटं कळलं असतं तर कदाचित सगळ्या गल्लीचे धूर तपासले गेले असते. तिची नजर एकदा तिच्या घराकडं गेली, एकदा माझ्याकडं. मी ओरडावं की न ओरडावं हेच कळेना.

"मला काय माहीत साहेब," काकू म्हणाली. "असंल कुणाचं. बाई कामाला गेली असंल."

कुदळ त्याच मजुराच्या हातात होती. त्यानं आधी कडी काढून आतलं सामान बाहेर आणलं, जातं, पत्र्याची पेटी, पाण्याचा हंडा, सगळं पावसात पण नीट ओळीनं मांडलं. मग भिंतीला कुदळ लागली. मातीत रचलेल्या विटा, भिजलेल्या, त्यांना किती वेळ लागणार. पत्रे ओढून ट्रकमध्ये चढवले. काकू सगळा वेळ पोरांच्या दारात उभी होती. पळी हातातच. मधी एकदा तिनं आत वळून चुलीतलं लाकूड पुढं सारलं, कारण धूर कमी झाला होता.

ट्रक गेला तरी कितीतरी वेळ कुणी घराबाहेर आलं नाही. चूल सोडायची भीती वाटत होती. खाला पहिली आली. तिनं काकूच्या हातातली पळी काढून घेतली. बोटं इतकी घट्ट होती की एकेक सोडवावं लागलं. तिला आमच्या घरात आणून बसवलं, मी भाजी-भाकरी वाढली. काकूनं एक घास खाल्ला आणि म्हणाली, "अंबाडीत मीठ नाय." मग थोड्या वेळानं, "काय शिकले बघ शहरात येऊन. माझं घर मला इचारलं, आन मी म्हणाले कुणाचं हाय काय माहीत." ती हसली तशी खालाही हसली. मला हसू आलं नाही.

दुपार कलताना दादा आला, पोरं आली, अंबादासकाका आला. काकाला वाटेतच कळलं होतं. तो तडक त्या चिखलात उतरला आणि अख्ख्या विटा वेगळ्या काढायला लागला. माझा मावसभाऊ काकूच्या पायाजवळ येऊन बसला, तर ती म्हणाली, "उठ रे, तुमच्या खोलीत केर किती हाय, लाज वाटाया पायजे. दिवसभर बसवंना मला." दादा म्हणाला, "काकू, आजपास्नं तुम्ही आमच्यात. काका बी. माझं घर हाय ते तुमचं समजा."

काकूनं मान हलवली. "झोपाया येईन बाबा. पण चूल माझी तिथंच. उद्या परत ट्रक आला आन नुसता चिखल दिसला, तर ती जागाच गेली माझी. दुसरं कुणी येऊन विटा रचंल."

आता मी म्हातारी झाले, आणि काकू जाऊन कित्येक वर्षं झाली. त्या मजुराचं नाव मला कधी कळलं नाही. त्याच्यावर रागवावं की त्याला हात जोडावेत, हे मला आजही ठरवता येत नाही. बहुतेक दिवस मी हातच जोडते. घरी गॅस आहे, पेटवायचं बटण आहे, तरी माझ्या कमरेला काडेपेटी असते, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. सुनेला ते चमत्कारिक वाटतं.

त्या संध्याकाळी पाऊस जरा उघडला होता. काकू उठली, मोडलेल्या घरात गेली आणि जिथं तिची चूल होती तिथं तीन विटा मांडल्या. मिस्त्रीनं कुठून तरी पत्र्याचा तुकडा आणून वर आडवा धरला. खालानं पदराखालून दोन वाळल्या गोवऱ्या काढल्या, कुठं जपल्या होत्या देव जाणे. मग काकू माझ्या दारात आली. रोजच्यासारखीच, खापर पुढं करून.

"सुमे, विस्तव दे गं."

मी चुलीतले निखारे ओढले. निम्मे खापरावर ठेवले, निम्मे राखेत दाबले. काकूनं ते पाहिलं. "शिकलीस," म्हणाली आणि पदराचा आडोसा करून चिखलातून जपून गेली. विटांपुढं बसली, फुकलं. भिंती नव्हत्या, दार नव्हतं. पण थोड्या वेळानं त्या तीन विटांमधून धूर निघाला आणि सरळ वर गेला. लांब रस्त्यावरून कुणी पाहिलं असतं, तर त्याला तिथं घर आहे असंच वाटलं असतं.